रंगाचा वास अजून गेला नाही

प्रश्न : आम्ही दोघं डोंबिवलीत राहतो. निवृत्तीनंतर राहायला म्हणून दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर एक घर पाहिलं आहे. पुढचं घर चिऱ्याचं, कौलारू, साठेक वर्षांचं. मागे १९९८ साली वाढवलेलं स्लॅबचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. मे महिन्यात पाहिलं तेव्हा नुकताच रंग दिला होता, घर लख्ख दिसत होतं. विहीर बारमाही आहे म्हणतात. आता पंधरा दिवसांत इसार द्या असा मध्यस्थाचा तगादा आहे. घर आधी कुणाकडून तपासून घेऊ का, असं विचारलं तर तो हसला. "गावाकडे असलं कोण करतं?" म्हणाला. तपासायचं म्हणजे नक्की काय, आणि कुणाकडून?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मध्यस्थ हसला, पण खोटं बोलला नाही. गावाकडे असलं कोणी करत नाही. मीही केलं नव्हतं. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांच्या मोऱ्या आणि शाळाखोल्या तपासल्या, आणि २००४ साली स्वतःसाठी घर घेताना माळ्यावर चढायचा कंटाळा केला. वाशांना चॉकलेटी ऑइलपेंट होता, चकचकीत. पहिल्याच पावसाळ्यात ओटीवरचं छप्पर बसल्यासारखं वाटलं म्हणून शिडी लावून एका वाशाला टोचा लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी लाकूड आतून खाते आणि वरची साल तशीच ठेवते. त्या सालीवर ऑइलपेंट बसला की बघणाऱ्याला काही कळत नाही. सहा वासे आणि एक भाल (वासे ज्यावर टेकतात ती आडवी तुळई) बदलली. बायको अजून त्यावरून टोमणे मारते.

म्हणून तुमच्या पत्रातलं "नुकताच रंग दिला होता" हे मला सगळ्यात आधी खटकलं. विकायच्या घराला रंग देतात, त्यात गैर काही नाही. पण कोकणात भिंत बोलते ती लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) आणि ओलीचे डाग यांतून, आणि मे महिन्यातला रंग नेमकं तेच झाकतो. सुदैवाने आता आषाढ आहे. दोन-तीन दिवस सलग पाऊस लागला की पुन्हा जा, सांगून न जाता. लोणा जमिनीपासून कमरेपर्यंत चढला असेल तर ओल जोत्यातून येते आहे. जुन्या चिऱ्याच्या भिंती बहुधा मातीत बांधलेल्या असतात. अशा भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती आतल्या बाजूने फुटते. डाग वरून खाली ओघळलेला असेल तर कौलं किंवा पन्हळ बघा. ही दुरुस्ती त्या मानाने किरकोळ.

पश्चिमेच्या पडवीत एक गोष्ट जरूर बघा : झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे आडोसे) बांधायचे खिळे किंवा दोऱ्यांचे घट्टे. घरच्या माणसांनी वर्षानुवर्षं झाप कुठे लावले, त्यावरून झड कुठून आत येते ते कळतं. आणि शेजारी विचारा, निसर्ग वादळात (३ जून २०२०) या घराचं छप्पर गेलं होतं का? गेलं असेल तर त्यात कमीपणा नाही, दापोली तालुक्यात कितीतरी घरांचं गेलं. नंतर काय बसवलं ते बघायचं. नवे वासे जुन्या कुजक्या भालीवर टेकवलेत का, पत्रे असतील तर त्यांचे हूक गंजलेत का.

आता मागचा स्लॅब. माझी खरी काळजी तिथे आहे. साठ वर्षांचं चिऱ्याचं घर दुरुस्त होतं. चिरा खाणीतून काढल्यावर हवेत कडक होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. समुद्रकाठच्या स्लॅबचं तसं नाही. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमधून हळूहळू सळईपर्यंत जातो, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. त्यातून वाळू खाडीची आणि न धुता वापरली असेल तर क्षार पहिल्या दिवसापासूनच आत. आयएस ४५६ हे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक २००० साली सुधारलं गेलं. त्याप्रमाणे समुद्रकाठी उघड्यावर असलेल्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवं. तुमचा स्लॅब त्याआधीचा, आणि त्या काळी गावातले गवंडी अर्ध्या-पाऊण इंचावर भागवायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

न्हाणीघरात उभ्या राहा आणि छताकडे बघा. सळईच्या रेषेत जाणारी सरळ चीर, तिच्या कडेला तांबूस डाग, किंवा एखादा परातीएवढा भाग नुकताच गिलावा करून लिंपलेला, यातलं काही दिसलं तर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोका. चांगला स्लॅब खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. ठोकताना बरोबर खाली उभ्या राहू नका. पुढचं काम स्ट्रक्चरल इंजिनियरचं. एक सोपी चाचणी त्याला करायला सांगा : काँक्रीटचा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन शिंपडतात. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून सळईला जपतंय. रंग आलाच नाही तर हवेने ते आतपर्यंत निकामी केलंय. पण मीठ या चाचणीत दिसत नाही. सगळं गुलाबी आलं म्हणून तुम्हाला निश्चिंत व्हायला कोणी सांगितलं तर क्लोराइडचं प्रमाण वेगळं काढायला लावा. समुद्राजवळ तेच महत्त्वाचं.

विहिरीचं उलटं आहे. घर आषाढात बघावं, विहीर वैशाखात. आत्ता तिच्यात पाणी काठापर्यंत असेल आणि गोडही लागेल, कारण ते पावसाचं आहे. आत्ताचा नमुना प्रयोगशाळेत दिलात तरी तो विकणाऱ्याच्याच बाजूने बोलेल. मेमध्ये तुम्ही तिथे होतात तेव्हा आत डोकावलात का? नसाल तर शेजारच्या बायकांना गाठा. मे महिन्यात दोर किती लागतो आणि त्या पाण्यात डाळ शिजते का, एवढं विचारा. "बारमाही" म्हणजे पाणी बारा महिने असतं. ते बारा महिने पिता येतं असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. (पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं आपलं मानक सांगतं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.)

कागदांबद्दल तुम्ही विचारलं नाही आणि तो माझा प्रांतही नाही, तरी चार गोष्टी वकिलाच्या कानावर घाला. ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकी नव्हे. सातबाऱ्यावर किती सहहिस्सेदार आहेत ते बघा. जमीन बिनशेती नसेल तर कूळ कायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो, म्हणजे डोंबिवलीकरांनी आधी हेच बघावं. आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सीआरझेडचे (किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणारे) नियम येतात. तुमचं घर चालत दहा मिनिटांवर, मोजून घ्या. उद्या स्लॅब पाडून नवा बांधायची वेळ आली तर हे अंतर आडवं येईल.

कुणाकडून तपासायचं? एकच माणूस सगळं बघेल अशी आशा धरू नका. स्लॅबला इंजिनियर, चिपळूण किंवा रत्नागिरीहून आणावा लागला तरी आणा, आणि फोटोंसकट लेखी अहवाल घ्या. लाकडाला आणि चिऱ्याला मात्र गावातला जुना सुतार आणि गवंडी. त्यांना दिवसाची मजुरी द्या, चहा द्या, आणि मध्यस्थाला बरोबर नेऊ नका. मध्यस्थाने सुचवलेला माणूसही नको. तो वाईट असेल असं नाही, पण त्याला पुढचं काम मध्यस्थच देणार असतो.

पंधरा दिवसांची घाई असेल तर इसारपावतीत एक ओळ घालून घ्या : अमुक तारखेपर्यंत तपासणी होईल, अहवालात स्लॅब किंवा छप्पर धोक्याचं निघालं तर इसार परत. शब्द वकिलाकडून लिहून घ्या. मालक याला तयार झाला तर पुष्कळ झालं, भाव त्यानंतरही करता येतो.

जाताना बॅटरी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाका, आणि तिथे गेल्यावर शिडी मागा. नाही म्हणाले तर शेजारून आणा. हापूसच्या गावात शिडी नाही असं घर मला अजून भेटायचं आहे.