हॅली फ्लॅनगन : योजनेआधीचा तालमीचा वर्ग

अमेरिकी रंगकर्मी हॅली फ्लॅनगन यांना दिग्दर्शिका म्हणावे की केवळ एका सरकारी योजनेच्या संचालिका, असा प्रश्न आहे. माझ्या मते त्या आधी शिक्षिका होत्या आणि अमेरिकी रंगभूमीला त्यांनी जे दिले, त्याचे मूळ बेकार कलावंतांसाठीच्या १९३५ च्या फेडरल थिएटर या सरकारी योजनेत नसून व्हासार या तेव्हा केवळ मुलींच्या असलेल्या महाविद्यालयातील त्यांच्या तालमींत सापडते.

हार्वर्डमध्ये जॉर्ज पियर्स बेकर यांच्या नाट्यवर्गात शिकून त्या १९२५ मध्ये व्हासारला आल्या. पुढच्याच वर्षी मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर त्यांनी युरोपचा दौरा केला आणि मॉस्कोत रशियन दिग्दर्शक मायरहोल्ड यांचे काम जवळून पाहिले. परतल्यावर १९२७ मध्ये त्यांनी चेखव्हची लग्नाच्या मागणीवरची एकांकिका एकाच रात्री तीन वेळा सादर केली : एकदा वास्तववादी, एकदा अभिव्यक्तिवादी (मनातल्या भावना अतिशयोक्त रूपात दाखवणाऱ्या) आणि एकदा रचनावादी (यंत्रासारख्या उघड्या मांडणीवर शारीरिक हालचालींनी खेळणाऱ्या) शैलीत. मागणी घालायला आलेला लोमोव्ह मूळ विषय बाजूला ठेवून कुरणाच्या मालकीवरून आणि मग कुत्र्यांवरून भांडत बसतो. भांडण तेच, पण शैली बदलताच नाटक बदलते. दिग्दर्शन म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावण्याचा याहून नेमका धडा मला तरी ठाऊक नाही.

१९३१ मध्ये त्यांनी मार्गारेट एलन क्लिफर्ड यांच्यासह दुष्काळात होरपळलेल्या आर्कान्सामधील शेतकऱ्यांवर नाटक लिहून बसवले. एकीकडे उपाशी कुटुंबे, दुसरीकडे वॉशिंग्टनमधील एका लोकप्रतिनिधीच्या मुलीची उधळपट्टीची मेजवानी आणि प्रवेशांच्या अधूनमधून पडद्यावर झळकणारी माहिती, अशी त्याची बांधणी होती. पुढे फेडरल थिएटरची 'जिवंत वृत्तपत्रे', म्हणजे चालू प्रश्न रंगमंचावर मांडणारी नाटके, गाजली, त्यांची पूर्वतयारी इथेच झाली, असे मी मानतो.

योजनेचे संचालकपद त्यांना सरकारच्या बेकारी-मदतकार्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनी दिले; दोघे ग्रिनेल महाविद्यालयाचे विद्यार्थी. बेकार कलावंतांना काम देणे हा योजनेचा हेतू, पण फ्लॅनगन यांनी तिला निव्वळ मदतकार्य होऊ दिले नाही. डिसेंबर १९३८ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कम्युनिस्ट कारवायांची चौकशी करणाऱ्या डाइस समितीपुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांच्याच एका जुन्या लेखातील मार्लोच्या उल्लेखावरून स्टार्न्स या सदस्याने हा मार्लो कम्युनिस्ट आहे का, असे विचारले. शेक्सपिअरच्या लगेच आधीच्या काळातला तो सर्वांत थोर नाटककार होता, एवढे कृपया नोंदवून घ्यावे, असे त्यांनी सांगितले. (हेही शिक्षिकेचेच उत्तर!) ३० जून १९३९ रोजी काँग्रेसने निधी थांबवला आणि योजना बंद पडली; फ्लॅनगन मात्र पुन्हा महाविद्यालयात शिकवू लागल्या.