नऊवारी पैठणीचा जुन्या पद्धतीचा पदर विणायचाय? आधी नारळी काठ कर

अगं, पहिल्याच झटक्यात बांगडीमोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातल्या मोरांची नक्षी, नको घेऊ. हातमागाच्या खऱ्या पैठणीत डिझाइन आपोआप उतरत नसतं, प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी हातानं ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, फिरवायची आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची, म्हणून तर मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, धागे लोंबत नाहीत. आधी वीतभर नारळी काठ, म्हणजे नारळाच्या नक्षीचा काठ, विण, तिरकी रेघ एकसारखी आली की मग आसवली, म्हणजे फुलवेलीची नक्षी. जरीचा धागा फार ओढू नको, माझा पहिला पदर कडेला इतका आवळला की सगळा उसवावा लागला, रडले होते मी. जुना थाट हवा तर पदराची जमीन, म्हणजे नक्षीमागचा भाग, जरीची आणि नक्षी रेशमाची ठेव. आणि पैठणवरून अजिंठ्याच्या लेण्यांना एकदा जाच, तिथल्या चित्रांतलं कमळ नक्षीसाठी डोळे भरून बघ.