'उअसल' आणि आपलं 'अस्सल'

प्रश्न असा: आयरिश गेलिकमध्ये खानदानी माणसाला 'उअसल' म्हणतात. हा शब्द आला कुठून, आणि आपल्या 'अस्सल'शी त्याचं नातं आहे का?

नातं नाही. 'अस्सल' अरबी 'अस्ल'वरून आला. त्याचा अर्थ मूळ, बुंधा. अस्सल म्हणजे ज्याच्या मुळात खोट नाही ते. 'उअसल'ची नजर मात्र वर आहे. प्राचीन केल्टिकमधलं, म्हणजे आयरिश आणि वेल्श या भाषांच्या पूर्वज भाषेतलं, त्याचं रूप 'ओउक्सेलोस' असावं, अर्थ 'उंच'. आयरिशमध्ये मधला 'क्' गळाला. वेल्शमध्ये 'उखेल' आजही साधं 'उंच' आहे आणि 'उखेलूर' म्हणजे उमराव. आयरिश लोक डोंगराच्या उंचीला 'आर्द' म्हणतात. 'उअसल' माणसाच्या उंचीपुरता उरला.

याचा जुना पुरावा मला फार आवडतो. इसवी सनपूर्व ५१ मध्ये ज्युलियस सीझरने गॉलमधल्या (साधारण आजचा फ्रान्स, तेव्हा तिथे केल्टिक भाषा बोलत) ज्या गडाला वेढा घातला, त्याचं नाव उक्सेल्लोदूनुम. 'दूनुम' म्हणजे किल्ला, म्हणजे हा सरळ सरळ उंचगड. तो लढून पडेना, तेव्हा रोमनांनी भुयारं खणून आतल्यांचा झरा तोडला आणि पाण्यावाचून गड शरण आला.

ग्रीक 'हुप्सेलोस' (उंच) याच कुळातला. संस्कृत 'उपरि' याच घराण्यातला मानतात. त्यावरून प्राकृतातून आपलं 'वर' आलं. म्हणजे नातं शोधायचंच तर 'अस्सल'पेक्षा 'वर'शी शोधा. 'उच्च'चा मोह टाळा, तो 'उद्' या उपसर्गापासून झालेला, वेगळा आहे.

आज आयर्लंडमध्ये पत्रावर नावाआधी 'अन तुअसल' लिहितात, आपल्या 'श्री.'सारखं. परी-यक्षांनाही 'ना हुअश्ले', म्हणजे 'थोर मंडळी' म्हणत. खरं नाव घेऊन त्यांना दुखवायचं नाही, ही त्यामागची भीती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला 'दुइने उअसल', म्हणजे खानदानी गृहस्थ, इंग्रजीतही गेला.

सत्ता गाजवणाऱ्या सरदाराला मात्र जुन्या आयरिशमध्ये 'फ्लाथ' म्हणत. त्याचं मोठेपण आश्रितांवर मोजलं जाई. इ. स. ७०० च्या सुमाराच्या 'क्रीथ गाव्लाख' या कायदेग्रंथात सर्वांत खालच्या दर्जाच्या सरदारालाही दहा आश्रित लागतात. तो त्यांना गुरं द्यायचा, ते त्याला धान्य, मांस असा शिधा द्यायचे. त्याच्याकडून मेजवानीची अपेक्षाही असे, म्हणून 'फ्लाथ'पासून झालेला 'फ्लाहूल' आजच्या आयरिशमध्ये सढळ हाताच्या माणसाला लावतात, मग तो सरदार असो वा शेतकरी.