आरएमसी प्लांटची धूळ: ‘प्रत माहितीसाठी’ने माझे आठ महिने खाल्ले

तुमची पोस्ट वाचली आणि आमची जुनी बाल्कनी डोळ्यांसमोर आली. समोर आरएमसी (तयार काँक्रीट बनवणारा) प्लांट, खिडक्या लावूनही घरात धूळ, पाच कार्यालयांत अर्ज, चार महिन्यांत एकाचंही उत्तर नाही, आणि आता ‘माहिती अधिकार टाकू का?’ हा तुमचा प्रश्न. चेंबूरला आमचंही अगदी असंच झालं होतं. तुळशीच्या पानांवर राखाडी थर बसायचा. वरून पाणी घातलं की तो खाली उतरून कुंडीतल्या मातीवर पापुद्रा धरायचा. सिमेंटच ते, पाणी लागल्यावर दुसरं काय करणार!

फोटो, तारखा, सोसायटीच्या लेटरहेडवर सह्या, हे सगळं तुम्ही केलंच असणार. त्यात शिरत नाही. आणि मी वकील नाही, फक्त पोळलेला माणूस आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुम्ही अर्जाचा फोटो टाकलाय, त्यात तळाला पाच कार्यालयांची नावं आणि वर ‘प्रत माहितीसाठी’. तिथेच गोम आहे. मीही तेच केलं होतं. तीन पानी अर्ज, त्यात धूळ, रात्रीचा आवाज, रस्ता अडवून उभे मिक्सर, गटारात सोडलेलं सिमेंटचं पाणी, सगळं एकत्र. वाटलं, पाच जणांना कळवलं तर एक तरी हलेल. त्या पाचांतल्या एका कार्यालयाने (नाव घेत नाही, उगाच वाद नको) मला सात महिने ‘कार्यवाही सुरू आहे’ या एका वाक्यावर झुलवलं. फोन केला की साहेब साइटवर, गेलो की साहेब मीटिंगला. शेवटी माहिती अधिकारात नस्तीची पाहणी मागितली. एका बाकावर बसवून फाइल समोर ठेवली. माझा अर्ज होता, त्याला टिपणी लावलेली होती: ‘सदर अर्जाची प्रत इतर चार कार्यालयांस दिलेली असल्याने संबंधितांकडून कार्यवाही अपेक्षित. दप्तरी दाखल.’ तारीख बघितली, अर्ज दिल्यानंतरचा अकरावा दिवस. म्हणजे बाकीचे साडेसहा महिने मी बंद झालेल्या फाइलसाठी खेटे घालत होतो.

त्यामुळे माझं मत ठाम आहे: एक अर्ज, एक विषय, एकच कार्यालय. परवानगीचा कागद ज्याने दिला, त्यालाच धरा. प्लांट चालवायला १९७४ च्या पाणी कायद्याखाली आणि १९८१ च्या हवा कायद्याखाली संमतीपत्र लागतं, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. म्हणून प्लांटची धूळ आणि सांडपाणी तिकडे. शेजारी इमारतीचं काम चालू असेल आणि धूळ तिथूनही येत असेल, तर तो अर्ज वेगळा, महापालिकेच्या वॉर्डात. पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी २७ मुद्द्यांची नियमावली काढली आहे. एक एकराहून मोठ्या जागेला ३५ फुटी पत्र्याचं कुंपण, त्याहून लहान जागेला २५ फुटी. पत्रा मोजायला अधिकारी लागत नाही, समोरच्या मजल्यावरून फोटो काढला तरी कळतं. रात्रीच्या आवाजासाठी पोलीस. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. उभ्या मिक्सरसाठी वाहतूक पोलीस.

माहिती अधिकार जरूर टाका, पण ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं छापील उत्तर येतं, मला दोनदा आलंय. संमतीपत्राची प्रत, त्यातल्या अटी आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल, एवढंच मागा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा गाऱ्हाणं तिथे मांडू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. संमतीपत्र हातात आलं की मग खरी तक्रार लिहिता येते: ‘अट क्रमांक अमुक, सायलोला (सिमेंट साठवायच्या उंच टाकीला) फिल्टर हवा, नाही.’ ‘धुळीचा खूप त्रास होतो’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही, अट क्रमांकाला द्यावं लागतं.

आता सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. आठवा महिना उलटल्यावर वकिलाकडे गेलो. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात कलम १४ खाली अर्जाला मुदत सहा महिन्यांची, आणि ती वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून मोजतात. सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. बस्स. कार्यालयाच्या उत्तराची वाट बघत होतो, हे ऐकून वकील नुसते हसले. नुकसानभरपाईसाठी कलम १५ मध्ये ५ वर्षांची मुदत आहे, नवीन उल्लंघन दाखवून पुन्हा दार ठोठावता येतं का यावरही वाद घालता येतो, पण तोवर आमच्या कमिटीतले निम्मे लोक गळाले होते. तुमचे चार झालेत. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. याच आठवड्यात कुणा जाणकार वकिलाला कागद दाखवा, तुमच्या प्रकरणात तारीख कुठून धरायची ते तोच सांगेल.

मोबाइलवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ‘मध्यम’ दिसतो म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही, असं तुम्ही म्हणता. तो आकडा लांबच्या केंद्राचा असतो, आणि धुळीचा भाग २४ तासांच्या सरासरीवर काढतात. रात्री दोन वाजता सिमेंटचा टँकर सायलोत रिकामा होताना उडालेला लोट त्यात कुठे दिसणार? मी साडेतीन हजारांचा सेन्सर घेतला होता, त्याचे आकडे कुणी बघितलेही नाहीत. ते पैसे वाचवा.

अर्ज टपालाने पाठवू नका, स्वतः बारनिशीत (कार्यालयाच्या आवक खिडकीवर) द्या आणि पोच घ्या. शिक्का मारल्यावर तिथेच उभं राहून तारीख वाचा. माझ्या एका पोचेवर आदल्या वर्षीचं साल पडलं होतं, आणि मला ते घरी आल्यावर दिसलं.