परदेशात असताना ऐनवेळी लागणारा व्हिसा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझी पत्नी, दोघेही निवृत्त शिक्षक, नाशिकहून सहा महिन्यांच्या ब्रिटिश व्हिजिटर व्हिसावर बर्मिंगहॅमला मुलीकडे आलो आहोत. मुलगी येथे नोकरी करते. आमचे परतीचे विमान पाच आठवड्यांनी आहे. एवढ्या लांब आलोच आहोत, तर पॅरिस आणि स्वित्झर्लंड पाहून घ्यावे असा तिचा आग्रह आहे. त्या दोन्ही देशांसह बहुतेक युरोपात चालणारा शेंगेन व्हिसा आम्ही काढलेला नाही. तो लंडनहून तातडीने मिळेल का? ‘हमखास काढून देतो’ म्हणणारा एक एजंट भेटला आहे.

उत्तर : आपली इच्छा अगदी स्वाभाविक आहे, पण या मार्गाला लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शेंगेन व्हिसाच्या बाबतीत, घाई किती आहे हे पाहण्याआधी अर्जदार राहतो कुठे हे पाहिले जाते. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार, अर्जदाराचे कायदेशीर वास्तव्य ज्या देशात असते त्या देशातील वकिलातीनेच त्याचा अर्ज हाताळायचा असतो. आपण सध्या ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे हजर आहात, परंतु तेथील रहिवासी नाही; आपले बिऱ्हाड नाशिकला आहे, त्यामुळे अर्ज भारतातून जायला हवा. मुलीला मात्र हाच अर्ज ब्रिटनमधून करता येतो, कारण नोकरीच्या व्हिसामुळे ती तेथील रहिवासी ठरते. एकाच घरातल्या तिघांना वेगळे नियम कसे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

संहितेत अपवादाची सोय आहे. रहिवासी नसलेल्या माणसाने ‘येथूनच अर्ज का करावा लागत आहे’ हे पटवून दिले, तर वकिलात तो अर्ज विचारात घेते. युरोपात राहणारा जवळचा नातेवाईक अचानक गंभीर आजारी पडला, तर ते कारण मांडता येते. ‘जवळ आलो होतो’ हे कारण टिकणे कठीण आहे, कारण सहलीचा बेत नाशिकहून निघण्यापूर्वी ठरवता आला असता असे अधिकारी म्हणेल आणि त्याचे म्हणणे खोडून काढता येणार नाही.

समजा, अर्ज स्वीकारला गेला, तरी दिवसांचा हिशेब जुळत नाही. निर्णयासाठी साधारणपणे १५ दिवसांची मुदत असते आणि काही प्रकरणांत ती ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते. अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे दिवस त्याआधीचे. आपल्या हाती ३५ दिवस आहेत. या काळात पासपोर्ट बहुधा त्यांच्याकडेच असतो. परतीची तारीख आली आणि पासपोर्ट हाती नाही, ही अवस्था मी ओळखीच्या एका वृद्ध जोडप्याची पाहिली आहे. अर्ज मागे घेऊन पासपोर्ट सोडवण्यात त्यांचे शेवटचे आठ दिवस गेले, आणि नातवंडांबरोबर घालवायचा वेळ त्यांनी फोनपाशी बसून काढला. शिवाय ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी अर्जाचे शुल्क माणशी ९० युरो झाले आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत राहते व पुढच्या अर्जाच्या वेळी अधिकाऱ्यांना ती दिसते.

एजंटाबद्दल एवढेच सांगतो, की व्हिसा द्यायचा की नाही हे वकिलात ठरवते आणि त्याची हमी कोणालाही देता येत नाही. मुलीचा पत्ता हाच आपला कायमचा पत्ता म्हणून लिहू, असे त्याने सुचवल्यास त्याच क्षणी नकार द्या. अर्जावर सही आपली असते, आणि खोट्या माहितीची जबाबदारीही आपलीच.

आता जे जमण्यासारखे आहे ते पाहू. पासपोर्टवरचा ब्रिटिश व्हिसा नीट उजेडात धरून शेऱ्याच्या ओळीत ‘बीआयव्हीएस’ (BIVS) ही चार इंग्रजी अक्षरे आहेत का ते पाहा. ती असतील, तर ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातील व्यवस्थेनुसार, आधी ब्रिटनमध्ये उतरलेल्या भारतीय प्रवाशाला त्याच व्हिसावर आयर्लंडलाही जाता येते. तेथे ९० दिवस किंवा ब्रिटनमधील आपली उरलेली मुदत, यांपैकी जे कमी असेल तितके राहता येते. बर्मिंगहॅमहून डब्लिन विमानाने तासाभराच्या अंतरावर आहे. मुलीसोबत चार दिवस घालवायला ते मला फार योग्य वाटते. ज्यांना आणखी लांब जायचे असेल, त्यांच्यासाठी तुर्कस्तान आहे. पासपोर्टवर मुदतीतला ब्रिटिश व्हिसा असलेल्या भारतीयांना तेथील एक महिन्याचा, एका प्रवेशाचा ई-व्हिसा घरबसल्या मागता येतो. दोन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी आपला ब्रिटिश व्हिसा बहुप्रवेशी (एकाहून अधिक वेळा आत येऊ देणारा) आहे आणि परत येण्याच्या दिवशी त्याची मुदत शिल्लक आहे, याची खात्री करून घ्या.

पॅरिस आणि स्वित्झर्लंडसाठी पुढच्या वर्षी भारतातून अर्ज करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज जातो. म्हणजे पॅरिसला दोन रात्री आणि इंटरलाकेनला चार, तर स्वित्झर्लंडकडे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा त्यासोबत लागतो.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, आता अमेरिकन नागरिक आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारे ओसीआय कार्ड काढायचे राहून गेले. गेल्या वर्षी कामानिमित्त जर्मनीत असताना वडिलांना अतिदक्षता विभागात हलवल्याचा फोन आला आणि भारताचा व्हिसा कसा मिळवावा हे न कळल्याने दोन दिवस गोंधळात गेले. माझा जुना भारतीय पासपोर्ट अजून मुदतीत आहे. पुन्हा अशी वेळ आली, तर तो वापरता येईल का?

उत्तर : नाही, तो कृपया वापरू नका. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते, आणि त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणे हा गुन्हा ठरतो. तो रीतसर जमा करून रद्द करून घ्या व त्याचे प्रमाणपत्र मिळवा. रद्द झालेला पासपोर्ट परत मिळाला, की जपून ठेवा. त्याच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव असते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलीला हे माझे वडील आहेत असे दाखवायला ते पान ऐनवेळी उपयोगी पडते.

तुमच्या प्रसंगात दोन मार्ग होते. भारताच्या ई-व्हिसासाठी तुम्ही कोणत्या देशात बसून अर्ज करता याने फरक पडत नाही, आणि नातेवाइकांना भेटणे हा हेतू पर्यटक ई-व्हिसात बसतो. मात्र भारतात पोहोचण्याच्या किमान चार दिवस आधी अर्ज भरावा लागतो. फोटो चौरस, फिकट पार्श्वभूमीचा आणि १ एमबीपर्यंतचा, तर पासपोर्टची पीडीएफ ३०० केबीच्या आत हवी. रात्री दोन वाजता रडवेल्या डोळ्यांनी ही मापे जुळवत बसणे फार कठीण जाते, म्हणून दोन्ही फाइली आजच तयार करून ठेवा. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर भरावा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ (gov.in) नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या संकेतस्थळांना पैसे देऊ नयेत.

चार दिवस थांबणे शक्यच नसेल, तर जेथे असाल तेथील भारतीय दूतावासाच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. मृत्यू किंवा गंभीर आजार अशा प्रसंगी तातडीच्या व्हिसासाठी तेथे विनंती करता येते. घरच्यांना सांगून रुग्णालयाच्या लेटरहेडवर रुग्णाचे पूर्ण नाव, दाखल झाल्याची तारीख, प्रकृतीचे वर्णन, डॉक्टरांची सही आणि शिक्का असलेले इंग्रजी पत्र मागवून घ्या. ‘वडील सीरियस आहेत’ एवढ्या व्हॉट्सॲप संदेशावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही.

ओसीआयचा अर्ज मात्र याच महिन्यात करा. त्याला काही आठवडे लागतात, आणि वडिलांचे वय लक्षात घेता ते आठवडे आत्ताच खर्ची घातलेले बरे.