चिंता नव्हे, साकडं!

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय: भाच्याच्या फायलीत 'पॅनिक डिसऑर्डर' लिहिलंय, त्याला 'चिंताविकार' म्हणायचं का? आणि घरातले म्हणतात, 'चिंतेपायी कोणी जिवाचं बरंवाईट करतं होय?' ते खरं का?

'चिंता' नको. चिंता म्हणजे विचार; 'चिंतन' तिचंच भावंड. भररस्त्यात छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरतो असं वाटतं, त्यात विचाराला उसंत कुठली? आणि ते 'चिंता आणि चितेत एका टिंबाचा फरक' कृपा करून ऐकवू नका. चिता 'चि' (रचणे) वरून, चिंता 'चिन्त्' वरून. नातं शून्य. डेक्कनला पार्किंग मिळालं नाही की 'पॅनिक अटॅक' येणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

गंमत आहे ती ज्याला आपण 'चिंता' म्हणतो त्या इंग्रजी 'ॲन्झायटी'त. मूळ लॅटिन 'आंगेरे', म्हणजे आवळणे. छाती आवळून दुखते तो 'अंजायना' त्याच कुळातला आणि ऋग्वेदातला 'अंहस्'ही! कोशात 'पाप' हा अर्थ वाचून लोक पान उलटतात. पण जुना अर्थ कोंडी, अरुंदपणा. त्यातून सुटायला ऋषी 'उरु', म्हणजे ऐसपैस जागा मागतात. आपलं 'साकडं' तसंच. 'संकट' म्हणजे मुळात अरुंद. देवाला साकडं घालायचं म्हणजे त्याला बोळात गाठायचं! (साकडं आणि साकव एकाच मुळाचे, असं ठणकावणारे एक विद्वान मला भेटलेत. साकव 'संक्रम'वरून आला, महाराज.) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन आत्महत्येच्या काठावरच्या मनाबद्दल हेच सांगत: दृष्टी आकसते, बाकीच्या वाटा दिसेनाशा होतात.

हां, प्रश्न राहिलाच. घरातले चुकतायत. १९८९ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांपैकी २० टक्क्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं आढळलं. त्यात सोबतच्या नैराश्याचा, व्यसनाचा वाटा किती, यावर पुढे बरीच जुंपली; पण धोका नाही असं त्यातून निघत नाही. भाच्याला सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का रे?' विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

फायलीत 'पॅनिक'च राहू दे. घरात म्हणा, 'त्याची कोंडी होते.'