खान्देशच्या उन्हाळ्यात बाइकवर फिरताना डोळे कसे सांभाळावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: कामासाठी चाळीसगाव-भडगाव-पाचोरा बाजूला दिवसभर बाइकवर फिरावं लागतं, दुपारनंतर डोळे चरचरतात, लाल होतात, पाणी गळतं. गडद काळा गॉगल घेऊनही फरक पडला नाही, आणि घरचे गुलाबजल घालायला सांगतात.

फरक पडला नाही, कारण तुमच्या डोळ्यांना एकट्या उजेडाचा त्रास नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी असते आणि वर झळा. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो, तो या वाऱ्यात भराभर उडून जातो. थर तुटला की बुबुळ उघडं पडतं, चरचरतं, आणि मग डोळा घाईघाईने पाणी सोडतो. ते पाणी नुसतंच पातळ असतं, त्यात थर धरून ठेवणारा स्निग्धपणा पुरेसा नसतो, म्हणून ते गालावर येतं आणि डोळा कोरडाच राहतो. पाणी येतंय म्हणजे डोळा ओला आहे, हा समज सोडा. काचेचा रंग उजेड अडवतो. वारा अडवतो तो गॉगलचा आकार.

म्हणून गॉगल घेताना आधी आकार बघा. कडेने वळलेला, भुवईला आणि गालाला जवळ बसणारा घ्या. दुकानातच घालून टेबलफॅनसमोर उभं राहा आणि मान डावी-उजवीकडे फिरवा. पापण्यांना वारा लागला तर तो गॉगल बाइकच्या कामाचा नाही. चष्मा असेल तर पॉलिकार्बोनेट काचा करून घ्या. या काचा पांढऱ्या असल्या तरी अतिनील किरण अडवतात. वर हेल्मेटची पुढची काच पूर्ण खाली.

आता उजेडाचं. काचेवर ‘यूव्ही ४००’ हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील (यूव्ही) किरण अडतात. गडदपणाचा आणि याचा संबंध नाही. बसस्टँडबाहेरचा काळाकुट्ट गॉगल, ज्यात हे संरक्षण नसतं, तो नुसत्या डोळ्यांपेक्षा वाईट ठरू शकतो, कारण काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. स्टिकर कुणीही चिकटवतो, तेव्हा चष्म्याच्या दुकानात मशीनवर तपासून मागा. घरी ढोबळ अंदाज घ्यायचा तर नोट तपासायची जांभळी टॉर्च वापरा. अंधारात ती नोटेवर मारली की नंबरांची पट्टी आणि बारीक तंतू चमकतात. टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरा. चमक तशीच राहिली तर गॉगल बाद. चमक गेली तर त्या टॉर्चचे किरण तरी अडतात एवढंच समजायचं, मशीनची तपासणी ती तपासणीच. पोलराइज्ड काच डांबरी रस्त्यावरची चकाकी मारते, चांगली गोष्ट आहे, पण ते यूव्ही संरक्षण नव्हे. गाडी चालवायला राखाडी किंवा तपकिरी रंग, आणि काचेच्या गडदपणाची कॅटेगरी ३. कॅटेगरी ४ इतकी गडद असते की ती घालून गाडी चालवायचीच नसते.

वेळेचं सोपं माप म्हणजे स्वतःची सावली. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत असं धरा. सूर्य आपल्याकडे माथ्यावर येतो तो बारा नाही, साडेबाराच्या सुमारास, आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात जळगाव-धुळ्यात तर थेट डोक्यावर. उन्हात उभं राहायचं असेल तेव्हा गॉगलसोबत रुंद काठाची टोपी घाला, कारण वरून येणारा प्रकाश गॉगलच्या फटीतून आत शिरतो. वर्षानुवर्षं ऊन, धूळ आणि वारा खाल्लेल्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढत बुबुळावर येतं, त्याला आपल्याकडे वडस म्हणतात. शेतात आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांत ते जास्त दिसतं.

तोंडाला बांधलेल्या रुमालाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो नाकावर सैल असला की प्रत्येक उच्छ्वास गालावरून सरळ डोळ्यात जातो. गॉगलवर वाफ धरत असेल तर हेच चाललंय असं समजा. रुमालाची वरची कड दोनदा दुमडून नाकाच्या हाडावर घट्ट बसवा आणि गॉगल त्या घडीवर ठेवा. त्याच रुमालाने डोळे पुसू नका. घाम, धूळ आणि डिझेलचा धूर त्यातच असतो. रांजणवाडीला आणि डोळे यायला एवढं पुरतं. डोळ्यांसाठी खिशात वेगळा धुतलेला हातरुमाल ठेवा.

घरी आल्यावर कूलरसमोर तोंड करून झोपणं हा दुसरा घोटाळा. कूलरची हवा दमट असली तरी तिचा झोत रात्रभर पापण्यांवर बसला की सकाळी डोळे चिकटलेले आणि चुरचुरणारे. जाळ्या वर किंवा पायाकडे वळवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि गेल्या वर्षीचं धूळ धरलेलं गवत बदला. त्यात रात्री मोबाइल बघितला की पापण्यांची उघडझाप आणखी कमी होते.

गुलाबजल नको. ते निर्जंतुक नसतं, शिवाय त्यात सुगंध आणि इतर काय काय असतं. मध, तूप, एरंडेलही नको. थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा, थंडावाच हवा असेल तर तो यातून मिळतो. कोरडेपणासाठी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के असलेले थेंब दिवसातून तीन-चार वेळा चालतात. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका (दुसरा गालावरच येतो), डोळा मिटा आणि नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. बाटली उघडली की तारीख लिहा. बहुतेक बाटल्या महिन्यानंतर टाकायच्या असतात. बाइकच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका, तिथली उष्णता लेबलावरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात. असर उतरला की लाली परत, कधी आधीपेक्षा जास्त.

मेडिकलवाल्याकडून ‘गेल्या वेळचेच’ थेंब आणू नका, त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असू शकतं. आठवडेच्या आठवडे वापरलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मका किंवा दादर ज्वारीच्या मळणीतलं फोलपट डोळ्यात गेलं असेल तर धोका आणखी मोठा आहे. अशा जखमेत बुरशी शिरते आणि स्टेरॉइडने ती फोफावते. काही गेलं की चोळू नका, स्वच्छ वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा.

धुऊनही खुपतंय, एकच डोळा लाल आणि दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका आहे, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि जाताना घरात वापरलेली थेंबांची बाटली सोबत न्या, त्यात काय होतं हे डॉक्टरांना आधी कळायला हवं.